कमरेवरील वळ : दुर्लक्ष नको



अंगावरील तीळ, मस वा चामखीळ बहुधा निरुपद्रवी असते. तथापि, त्वचेतील काही साधे भासणारे बदल कालांतराने कर्करोगाचे रूप घेऊ शकतात. याचे आपल्याच वेशभूषेशी निगडित असे एक उदाहरण आज आपणांपुढे ठेवीत आहे.

धोतर किंवा साडी वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी घट्ट बांधली, की सततच्या घर्षणाने तेथील त्वचा जाड व खरखरीत होते, तिचा रंग पालटतो. क्वचित प्रसंगी त्याच जागी व्रण होऊन त्यातून कर्करोग उद्भवतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली या 'धोतर-कर्करोगा'ची शास्त्रीय नोंद केली. परकराच्या नाडीनेही असाच विकार जडल्याचे पुढे आढळून आले.

उपाय सोपा आहे. नाडी रुंद पट्टीची असावी, ती सैल बांधावी व बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी. तीन-चार आठवड्यांत न भरणारी, रक्त येणारी वा कडा कठीण झालेली जखम डॉक्टरांना दाखवावी. तिचा लहानसा तुकडा तपासून निदान होते आणि वेळीच शस्त्रक्रिया केल्यास रोगी बहुधा बरा होतो. चुना किंवा दाहक औषधे लावून काळ दवडू नये.

ही जागा वस्त्राआड असल्याने अनेक भगिनी संकोचापोटी दुखणे लपवितात. तो संकोच दूर करणे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी आपले कर्तव्य मानावे, अशी विनंती आहे.