उकिडवं बसता येतं का तुम्हाला?

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. इअरफोन कानातच राहू द्या, फोन खिशात टाका आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसा. गाडी चालवत असाल तर अर्थातच नको! किती वेळ बसता येतंय बघा. मला जानेवारीत दहा सेकंदसुद्धा बसता आलं नव्हतं. मागच्या मागे कलंडलो, आणि आधाराला हात टेकला तो थेट गुलाबाच्या कुंडीत.

आता हे झालं कसं, ते सांगतो. मी २९ वर्षांचा. काम लॅपटॉपवरचं, तेही बरेच दिवस घरूनच. बेड ते टेबल, टेबल ते फ्रिज, एवढाच माझा प्रवास. जानेवारीत ऑफिसची वार्षिक तपासणी झाली आणि माझं एचबीए१सी आलं ६.१. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. बाबांना डायबेटिस आहे, त्यामुळे हा उंबरठा आमच्या घरात सगळ्यांना ओळखीचा. जिमचे वर्षाचे पैसे मी आधीच भरले होते. गेलो होतो एकूण अकरा दिवस.

त्याच महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही कोथरूडला राहतो, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर गच्चीवर आईच्या ३४ कुंड्या. मोगरा, जास्वंद, अबोली, शेवंती, गुलाब, सदाफुली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘‘झाडांना पाणी कोण घालतंय?’’ कुणीच घालत नव्हतं. मग काय, मी गेलो.

गच्चीवर नळ नाही. आठ लिटरची बादली घरातून भरायची आणि १८ पायऱ्या चढायच्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलो होतो. हाताला तेव्हा कळलं. चार खेपा. दुसऱ्या खेपेला मला धाप लागली. आणि आई हे रोज करत होती, वयाच्या ६१व्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी! आम्ही घरात काय म्हणायचो माहितीये? ‘‘आई बागेत टाइमपास करतेय.’’

चौथ्या दिवशी मी एक मोठी, बारा इंची कुंडी हलवायला गेलो. कमरेतून वाकलो, हात लांब करून उचलली, आणि पाठीत जी काही उसण भरली! दोन दिवस आई एका खोलीत पडून, मी दुसऱ्या. नंतर उत्सुकता म्हणून तशीच कुंडी वजनकाट्यावर ठेवली, तर १७ किलो. आईनं पलंगावरूनच क्लास घेतला, ‘‘अरे, बांधकामावरच्या बायका घमेलं कसं उचलतात, बघितलंयस कधी? गुडघ्यात वाक. वस्तू पोटाशी धर. पायांच्या जोरावर ऊठ.’’ जिममधला ट्रेनर मला हेच सांगत होता, फक्त त्याला तो डेडलिफ्ट म्हणत होता.

जानेवारीच्या शेवटी मोगऱ्याची छाटणी होती. फांद्या कापायच्या, उरलेली पानं हातानं ओरबाडायची, झाड कुंडीतून काढायचं, बाहेरच्या जुन्या मुळ्या थोड्या कापायच्या, मग माती आणि शेणखत कालवून पुन्हा भरायचं. असे सहा मोगरे. आणि हे सगळं उकिडवं बसून. मी आधी स्टूल घेतलं, मग पाट, मग टाचांखाली विटेचा तुकडा. फेब्रुवारीच्या शेवटी वीट सुटली. एका रविवारी तीन कुंड्या सलग झाल्या आणि उठल्यावर लक्षात आलं, अरे, आपण खाली बसलो होतो!

थोडी आकडेमोड करू. जागतिक आरोग्य संघटना आपल्यासारख्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. मध्यम म्हणजे काय? बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. खणणं, माती कालवणं, बादल्या वाहणं यात बसतं. उभं राहून पाइपनं पाणी मारणं यात बसत नाही. ते छान वाटतं, पण त्याला व्यायाम म्हणू नका. आणि दोन कुंड्यांच्या गॅलरीतून १५० मिनिटं निघणार नाहीत, तेव्हा चालायला जावंच लागेल. मी जातो.

आणखी एक. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते घरी विचारा. मातीत हात घालताना ओरखडे उठतातच, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. मी गुलाबाच्या काट्यानंतर गुपचूप जाऊन घेऊन आलो.

मी टिकलो कसा, असं मित्र विचारतात. जिम चुकवली तर जिमचं काही बिघडत नाही. मार्चमध्ये दोन दिवस पाणी चुकलं, तर अबोलीनं मान टाकली. गिल्ट येतो हो! आणि मार्चच्या अखेरीस मोगऱ्याला कळ्या आल्या. संध्याकाळी वर गेलो तर वास जिन्यातच आला. पहिली ओंजळ खाली नेऊन आईच्या उशाशी ठेवली. ती फुलांकडे बघायच्या आधी माझ्या नखांकडे बघून हसली.

एप्रिलमध्ये पुन्हा तपासणी केली. ५.८. एकट्या बागेचं श्रेय नाही. चहातली साखरही बंद केली आणि रात्रीचं जेवण आठला आणलं. पण कंबर दुखत नाही, हे मात्र बागेचं.

आईला डॉक्टरांनी सांगितलंय, आता उकिडवं बसायचं नाही. म्हणजे ते काम कायमचं माझ्याकडे आलंय. गेल्या आठवड्यात ती कठडा धरून पहिल्यांदा गच्चीवर आली. खुर्चीत बसली, सगळ्या कुंड्या नजरेनं मोजल्या आणि म्हणाली, ‘‘जास्वंद तिथं का ठेवलीस? ऊन मिळत नाही तिला. इकडे आण.’’

१७ किलो, मंडळी. आणली.

गेल्या दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं आईनं वाळवून डब्यात ठेवली आहेत. जुलैच्या अखेरीस बी पेरलं, की दसऱ्यापर्यंत फुलं येतात. त्याआधी माती तयार करायची आहे, चार पोती. कुणाला रविवारी फुकट जिम हवी असेल तर मेसेज करा. भेटू पुढच्या भागात!