फोटोओळीच्या पुढची बातमी



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. माझी उमेदीची वर्षे जिल्हा वृत्तपत्राच्या कचेरीत गेली. गावोगावच्या संस्थांत काम करणारी माणसे आणि त्या कामाची बातमी लिहिणारी माणसे एका मंडपात बसून बोलताहेत, असा योग आपल्याकडे फार थोड्या वेळा येतो. म्हणून आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: संस्थांचे काम स्थानिक वृत्तपत्रात कसे यावे आणि कशासाठी यावे.

समाजकार्य आणि वृत्तपत्र या दोन कामांचे नाते मराठीत जुने आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र काढले. पुढे १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. लोखंडे गिरणी कामगारांची संघटना बांधत होते आणि त्याच वेळी पत्रही चालवत होते. १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा झाली. तिथल्या मागण्या अगदी नेमक्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरल्या मुदतीत. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी या मागण्यांच्या अर्जावर सह्या केल्या. सभा, सह्या आणि छापील शब्द यांचा रेटा काही वर्षे लागून राहिला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. लोखंड्यांनी आपला सत्कार छापून आणण्यासाठी पत्र चालवले असते, तर ही सुट्टी मिळाली नसती.

आता आपल्या आजच्या पानाकडे येऊ. माझ्या टेबलावर रोज ज्या प्रेसनोट यायच्या, त्यांचा साचा आपल्या सर्वांना पाठ आहे. पहिल्या ओळीत संस्थेचे नाव, मग ‘मान्यवरांच्या हस्ते शालेय साहित्याचे वाटप’, मग प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, सूत्रसंचालन, आभार, आणि शेवटी ‘यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले’ म्हणून पंधरा नावे. सोबत फोटो. फोटोत पुढच्या रांगेत पाहुणे, आणि कडेला दप्तर छातीशी धरून उभी असलेली एक मुलगी. त्या मुलीचे नाव, गाव, इयत्ता यांतले काहीच मजकुरात नसते. उपसंपादक काय करणार? तो नावे कापतो, मजकूर कापतो आणि फोटोखाली दोन ओळी ठेवतो. मग संस्था म्हणते, पेपरवाले आमच्या कामाला जागा देत नाहीत.

त्याच प्रसंगाची बातमी दुसऱ्या बाजूने लिहून पाहा. समजा, ही मुलगी ऊसतोड कुटुंबातली आहे. दिवाळीच्या आगेमागे आईवडील टोळीबरोबर कारखान्याला निघाले. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे जाणे टळणार नव्हते. दर वर्षी ही पोर त्यांच्याबरोबर जायची, फडावर धाकट्या भावाला सांभाळायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली की वर्गात मागे पडलेली असायची. या वर्षी गावात हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झाले, ती गावातच राहिली आणि तिची शाळा चालू राहिली. गावातली किती मुले अशी थांबली, किती तरीही गेली, वसतिगृहाचे अनुदान हातात पडले की नाही, हे संस्थेच्या वहीत लिहिलेले असते. बातमी त्या वहीत आहे. दप्तर हा तिचा एक लहानसा तपशील.

संस्थांच्या हातातली ही वही किती मोठे काम करू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. अभय बंग आणि त्यांच्याबरोबरच्या तेरा संस्थांनी आपापल्या भागातले जन्म आणि बालमृत्यू स्वतः मोजले होते. सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. वृत्तपत्रांनी तो विषय लावून धरला आणि शासनाला समिती नेमावी लागली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचेही तसेच. महिला संघटना त्याबद्दल आधीपासून बोलत होत्या. एक दिवस कामावर आले नाही तर खाडा कापला जातो, फडावर ना न्हाणीघर ना संडास, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी खासगी दवाखान्यात पिशवीच काढून टाकायची, असे हे चक्र होते. २०१९ मध्ये ते वृत्तपत्रांत आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे नोंदीवर आले. कार्यकर्तीची नोंद आणि वार्ताहराची लेखणी एकत्र आली की शासनाला उत्तर द्यावे लागते.

म्हणून संस्थांना माझे पहिले सांगणे असे की, मोजायला शिका आणि मोजलेले उघडपणे सांगा. जे जमले ते सांगा, जे फसले तेही सांगा. शंभर झाडे लावली हे सांगणारी संस्था तीन वर्षांनी त्यांतली किती जगली हे स्वतःहून कळवते, तेव्हा वार्ताहर तिच्या पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवतो. असा विश्वास जाहिरात देऊन मिळत नाही.

दुसरे, वार्ताहराचा दिवस समजून घ्या. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. तो शेती किंवा दुकान सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर बातम्या पाठवतो. लांबच्या गावांची डाक आवृत्ती लवकर सुटते, म्हणजे रात्री आठला पाठवलेला मजकूर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसावर जातो. कार्यक्रमाची बातमी दुपारीच द्या. पहिल्या दोन वाक्यांत कुठे, केव्हा, काय आणि कोणासाठी हे येऊ द्या. फोन उचलणाऱ्या एका माणसाचा क्रमांक द्या. कार्यक्रम नसेल त्या दिवशीही वार्ताहराला वस्तीवर घेऊन जा आणि आपल्या अनुपस्थितीत लोकांशी बोलू द्या.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बातमीसाठी कोणाचीही लाज वेशीवर टांगू नका. अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करायला ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम २३ने बंदी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४नेही तशीच बंदी घातली आहे. पण कायदा बोट दाखवेल तेवढ्यापुरतीच आपली काळजी असू नये. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेला शिलाई मशीन देताना तिला कॅमेऱ्यासमोर उभे करायचे की नाही, हे तिने ठरवायचे आहे. तिला आधी विचारा, नीट समजावून सांगा, आणि ती नाही म्हणाली तर मशीन तेवढ्याच मानाने तिच्या घरी पोचवा.

आता माझ्या स्वतःच्या बिरादरीशी बोलते. मित्रांनो, २००९च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा प्रश्न महाराष्ट्रात चव्हाट्यावर आला आणि वाचकाचा आपल्यावरचा विश्वास उतरला. तो परत मिळवायचा तर ज्या बातमीमागे पैसा नाही, पद नाही, अशा बातमीला हक्काची जागा द्यावी लागेल. वर्धापनदिनाच्या पुरवणीची जाहिरात मागताना आणि बातमी घेताना एकच माणूस त्याच संस्थेच्या दारात उभा राहतो, ही रीत मोडली पाहिजे. ती मोडायची जबाबदारी वार्ताहरावर टाकून चालणार नाही. मालकांनी आणि संपादकांनी त्याला बातमीचे पुरेसे मानधन द्यावे, आणि जाहिरातीचे ओझे त्याच्या डोक्यावरून काढावे. आणखी एक. संस्थांचे काम म्हणजे गोड गोड मजकूर, अशी समजूत सोडून द्या. संस्थेला प्रश्न विचारा: देणगी किती आली, कुठे खर्च झाली, गावकरी काय म्हणतात? प्रामाणिक संस्थेला अशा प्रश्नांनी बळच मिळते.

काही ठिकाणी लोकांनी वृत्तपत्रांची वाट पाहणे सोडून स्वतःचा मार्ग काढला आहे. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने सामुदायिक रेडिओ उभा केला आणि माणदेशातल्या बायका तिथे आपल्या बोलीत बोलू लागल्या. बुंदेलखंडात ‘खबर लहरिया’ने २००२ पासून गावातल्या स्त्रियांनाच वार्ताहर केले. आपल्या संस्थांनी बचत गटातल्या एक-दोन तरुण मुलींना लिहायला, फोटो काढायला, नोंद तपासायला शिकवावे. जिल्हा पत्रकार संघांनी त्यासाठी शिबिरे घ्यावीत, असे मी आग्रहाने सुचवते.

शेवटी, या परिषदेसमोर मी एक ठराव मांडते. या ऊसतोड हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने आपल्या गावांतल्या शाळकरी मुलांची नोंद करावी. किती मुले गावात राहिली, किती फडावर गेली, वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू झाले, हे दर महिन्याला आपल्या वार्ताहराला कळवावे. येथे उपस्थित असलेल्या प्रत्येक वृत्तपत्राने ही नोंद पडताळून जिल्हा पानावर ठरलेल्या दिवशी छापावी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडून तिचे उत्तर घेऊन तेही छापावे. हंगाम संपेपर्यंत हे चालू राहिले, तर पुढच्या वर्षी किती वसतिगृहे वेळेवर उघडतात, यावरून आपल्या परिषदेचे मोल ठरेल. आपण या ठरावाला अनुमोदन द्यावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.