सायकल, सफर आणि सुटी



या व्यासपीठावरून माझ्यापूर्वी मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझे शाळेचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते पाळी संपल्यावर नगर वाचनालयाच्या बाकावर. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने सायकलच्या सफरींवर बोलावे, हे पत्रिका वाचून पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने तर वाटेतच गाठून मला विचारले, "काय रे, बोनस आणि संप संपले वाटते?" मी म्हणालो, "व्याख्यानाला ये, म्हणजे कळेल." तो समोरच बसला आहे. तेव्हा मला जपून बोलले पाहिजे.

या विषयाचे निमित्त एक पोरगा आहे. आमच्या वस्तीत राहतो, पंचविशीचा आहे, कारखान्यात कंत्राटदाराकडून कामाला लागला आहे. गेल्या वर्षी त्याने पैसे साठवून जुन्या बाजारातून एक जाड टायरची सायकल घेतली. मोटारसायकललाही लाजवील असा तो टायर पाहून सगळी आळी हसली. कोणी म्हणे, ही सायकल की रस्ता दाबायचा रूळ? पोरगा मला म्हणाला, "काका, हिच्यावरून कोकणात समुद्राच्या कडेकडेने चार दिवस जायचंय." ही सायकल एवढी जाड का, हे मलाही ठाऊक नव्हते. म्हणून मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता फार लांब गेलो.

प्रथम टायरचे गणित पाहू. तुम्ही आणि तुमची सायकल मिळून १०० किलो वजन आहे असे धरा. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाबाची हवा भरली, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकणारी जागा होते सुमारे २५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चहाबरोबरच्या एका बिस्किटाएवढी. एवढ्याशा जागेवर सारे वजन आले की चाक वाळूत रुतणारच. आता तोच दाब अर्ध्या किलोवर आणा. टेकणारी जागा २०० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे पसरलेल्या दोन तळहातांएवढी. चाक वाळूवर तरते. उंटाच्या पायात निसर्गाने हीच युक्ती केली आहे. पण आपल्या दीड इंची टायरमधली हवा इतकी कमी केली, तर रिम दगडावर आपटून ट्यूब फुटेल. म्हणून टायर चार इंच रुंद, आणि त्याला साजेशी रुंद रिम. डांबरी रस्त्यावर मात्र हाच मऊ टायर पाय ओढतो, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक हत्याराचे एक काम असते.

हे हत्यार कोणा मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निघालेले नाही. अलास्कात बर्फावरच्या कुत्र्यांच्या गाड्यांची एक प्रसिद्ध वाट आहे. १९८७ मध्ये त्या वाटेवर सायकलींची २०० मैलांची शर्यत सुरू झाली. साधी चाके बर्फात रुतत. तेव्हा तिथल्या कारागिरांनी दोन-दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाक केले. तिकडे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रे मोलिना नावाच्या गृहस्थाने वाळूसाठी रुंद रिमा आणि टायर बनविले. एकाची अडचण बर्फाची, दुसऱ्याची वाळूची, आणि उत्तर एकच. २००५ मध्ये अमेरिकेतल्याच सर्ली या कंपनीने 'पग्झली' नावाची सायकल बाजारात आणली, आणि वेल्डिंगच्या खोलीतली ही वस्तू दुकानात आली.

सामान बांधण्याची रीतही अशीच अनुभवातून घडली. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावल्या, की खडकाळ वाटेवर त्या हेलकावतात, नट सैल होतात आणि अरुंद जागी पिशवी दगडाला घासते. म्हणून हे प्रवासी कॅरिअरच काढून टाकतात. अंथरूण हँडलला, जड वस्तू सांगाड्याच्या त्रिकोणात, कपडे सीटखाली, आणि सगळे पट्ट्यांनी घट्ट आवळलेले. अमेरिकेतल्या सायकल-प्रवाशांच्या एका संस्थेने १९९७ मध्ये रॉकी पर्वताच्या कण्यावरून जाणारा कच्च्या रस्त्यांचा मार्ग आखला. कॅनडातील बाम्फपासून मेक्सिकोच्या हद्दीवरील अँटिलोप वेल्सपर्यंत तो ४,००० किलोमीटरांहून अधिक भरतो. शर्यतीत उतरणारे कसलेले गडी तो दोन-तीन आठवड्यांत उरकतात. साध्या माणसाला दीड-दोन महिने लागतात. हा दीड-दोन महिन्यांचा आकडा लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

सायकलवर बिऱ्हाड बांधून डोंगर ओलांडणारे हे पहिलेच नव्हेत. १८९७ मध्ये अमेरिकन सैन्याच्या २५ व्या पायदळ पलटणीतले वीस काळे शिपाई लेफ्टनंट जेम्स मॉस या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली मोंटाना राज्यातील फोर्ट मिझुलाहून सायकलींवर निघाले आणि १,९०० मैल तुडवून ४१ दिवसांनी सेंट लुईसला पोहोचले. वाटेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्या लागल्या. त्या काळचे बारीक टायर वाळूत चालेनात, म्हणून त्यांना आगगाडीच्या रुळांतून, स्लीपरांवरून धडधडत जावे लागले. क्षारांच्या पाण्याने माणसे आजारी पडली. आज तीच वाट कोणी हौसेने जाईल आणि आपण त्याचे कौतुक करू. त्या वीस जणांची ती नुसती हौस नव्हती. सायकल सैन्याच्या कामाची आहे की नाही हे ठरविण्याचा तो प्रयोग होता, आणि त्यातली माणसे सैन्याच्या हुकुमाखाली होती. रस्ता तोच, घामही तोच, पण एकाची ती सफर आणि दुसऱ्याची ती चाकरी. फरक चाकात नसतो. वाट ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यात तो असतो.

त्याच सुमारास इंग्लंडात काय चालले होते ते पाहा. 'क्लॅरियन' हे समाजवादी साप्ताहिक वाचणाऱ्या मंडळींनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅमला एक सायकल क्लब काढला. सुटीच्या दिवशी खेड्यांत जायचे, पत्रके वाटायची, आणि जाता जाता मोकळी हवा घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता. १८९६ पासून त्यांच्या चळवळीची घोडागाडीही फिरू लागली. लिव्हरपूलला बेकारांना सूप वाटण्यासाठी वापरलेल्या गाडीचेच त्यांनी फिरते घर केले. वक्ते त्यातच राहात, त्यातच झोपत, आणि गावोगाव सभा घेत.

आज युरोप-अमेरिकेत सायकलवाले लोक माल वाहण्याच्या मोटारव्हॅनचे घर करतात, ते वाचताना मला या सुपाच्या गाडीची आठवण झाली. त्या व्हॅनमध्ये पलंग कमरेएवढा उंच करतात आणि त्याखाली सायकली उभ्या करतात. पुढचे चाक काढायचे आणि चिमटा फळीवरच्या पकडीत अडकवायचा, म्हणजे सायकल हलत नाही. पत्र्याच्या आत थंडी अडविणारे अस्तर लावतात, आणि दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवतात. पत्र्याच्या पेटीत माणूस झोपला की श्वासाची वाफ भिंतींवर गोठते, म्हणून छताला झरोका लागतो. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, गळला तर खाली साचतो, म्हणून तळालाही भोक लागते. मी स्वतः कारखान्यात फिटर होतो. असे काम नीट केलेले पाहिले की मला आनंद होतो.

परंतु नेमक्या अशाच व्हॅन दुसरी माणसेही वापरतात. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत घरे गेलेली कित्येक म्हातारी माणसे गाडीतच राहू लागली, आणि हंगामाप्रमाणे बीट उपटायला, गोदामात माल उचलायला, मैलोन्‌मैल फिरू लागली. जेसिका ब्रूडर या बाईंनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' या पुस्तकात त्यांची हकीगत लिहिली आहे. पलंग तोच, झरोका तोच. एकाच्या पलंगाखाली सायकल आहे, दुसऱ्याच्या पलंगाखाली उरलासुरला संसार आहे.

तेव्हा सफरीला पहिली वस्तू कोणती लागते? टायर नव्हे, पिशवी नव्हे, व्हॅनही नव्हे. परत आल्यावर घर आणि नोकरी जाग्यावर राहील अशी खात्री, आणि मधल्या दिवसांचा पगार. ही वस्तू दुकानात मिळत नाही. ती कशी मिळते, हे फ्रान्सने १९३६ मध्ये दाखविले. त्या मे-जून महिन्यांत सुमारे वीस लाख कामगारांनी संप केला. त्यांतले पुष्कळ जण कारखान्यातच ठाण मांडून बसले. जून संपण्यापूर्वी दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा यांचे कायदे झाले. त्या उन्हाळ्यात, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे स्वस्त तिकिटांच्या आगगाड्यांनी निघाली, आणि तरुण जोडपी दोघांनी मिळून चालवायच्या टँडेम सायकलींवर तंबू बांधून निघाली. पुढे नवरा, मागे बायको, मागे गाठोडे! त्यांचे टायर बारीक होते. पण त्यांचे अडले नाही.

आणि आपण काही मागे नव्हतो. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटीसुद्धा नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आपण आज ज्या रविवारी सायकलवर टांग टाकतो, तो रविवार आपल्याला पंचांगाने दिलेला नाही.

आता माझ्या सहकाऱ्याला हवी ती गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे. वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही करार केला, की साठलेली रजा कामगाराने विकावी आणि तिचे रोख पैसे घ्यावेत. आम्ही पेढे वाटले. त्या करारावर माझी सही आहे. लेथवरचा एक माझा सोबती त्यानंतर एकही रजा न घेता दरवर्षी ती विकत गेला. त्या पैशांत त्याने एक खोली बांधली, मुलीचे शिक्षण केले. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असताना तो मला म्हणाला, "आता रिकाम्या दिवसाचं काय करायचं असतं रे?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ज्या हक्कासाठी माणसांनी संप केले, तो आम्ही किलोच्या भावाने विकायला काढला होता. खोली बांधण्यासाठी रजा विकावी लागू नये इतका पगार मागणे, हे आमचे काम होते. आम्ही सोपे काम केले.

जाड टायरच्या पोराची गोष्ट याहून अवघड आहे. त्याच्याजवळ विकायलाही रजा नाही. दिवस पुरे भरण्याच्या आधीच त्याच्या हजेरीत खंड पाडतात आणि पुन्हा नवा माणूस म्हणून घेतात. त्याने चार दिवस मागितले, तेव्हा कंत्राटदार म्हणाला, "जा की खुशाल. पण परत येऊ नकोस." सायकल अजून त्याच्या दाराशी साखळीला बांधलेली आहे. मी त्याला शिकवून ठेवले आहे, की ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून चालव, हवा कमी ठेव, आणि मुक्कामाला पोहोचलास की चेन गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल घाल, नाहीतर खारे पाणी ती आठ दिवसांत खाईल. सगळे त्याला पाठ झाले आहे. फक्त चार दिवस नाहीत.

कोणी म्हणेल, भाकरीचा प्रश्न असताना सायकलच्या सफरी हे पोट भरल्यावरचे चोचले आहेत. मीही पूर्वी असेच म्हणत असे. आता म्हणत नाही. भाकरी माणसाला उद्याच्या पाळीसाठी उभा करते. पण आपल्या मर्जीने कुठे वळावे हे ज्याला वर्षातून चार दिवसही ठरविता येत नाही, तो त्या वीस शिपायांसारखाच हुकुमाचा प्रवासी आहे.

त्या पोराचा रजेचा अर्ज आम्ही लिहिला आहे. त्याच्या बरोबरीच्या चाळीस जणांनी आपापले अर्ज त्याला जोडले आहेत. कोणाला गावच्या जत्रेला जायचे आहे, कोणाला आजारी आईजवळ बसायचे आहे, आणि एकाने कारणाच्या रकान्यात नुसते 'विश्रांती' असे लिहिले आहे. उद्या सकाळी आम्ही ते अर्ज घेऊन जाणार आहोत. माझ्या सहकाऱ्यालाही मी बोलावतो आहे.

आपण मला आपल्या संध्याकाळचा एक तास दिलात. तो देणे आपल्या हातात होते, म्हणून मी आपला ऋणी आहे.