पोरक्या नोंदी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें, भोसरी व मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडली, कीं थोड्याच वेळांत चाकणचे कारखाने दिसूं लागतात. चाकण म्हणजे कांद्याची पेठ, एवढेंच आमच्या घरांतील वडील मंडळींस ठाऊक असे. आज तेथें मोटारी तयार होतात. एका मोटारींत हजारों सुटे भाग असतात, आणि त्यांपैकीं कित्येक पिंपरी, भोसरी, चाकण येथील लहानमोठ्या कारखान्यांतून येतात. कोणत्या खेपेचा भाग कोणत्या गाडीस बसला, याची वही आतां संगणकांत असते. आज मला बोलावयाचें आहे तें या वहीच्या खरेपणाविषयीं.

ही वही म्हणजे एकमेकांशीं नातें असलेलीं कोष्टकें होत. ही कल्पना एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञानें १९७० सालीं मांडली. कोष्टकांस कांहीं नियम घालून देतां येतात. एका गाडीची खूण दुसरीस असूं नये. गाडीचा क्रमांक १७ अक्षरांचाच असावा व त्यांत आय, ओ, क्यू हीं इंग्रजी अक्षरें नसावींत. तीं १ आणि ० यांसारखीं दिसतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, भागापुढें जो खेपक्रमांक लिहिला, तो खेपांच्या कोष्टकांत असलाच पाहिजे. या नियमास फॉरेन की म्हणतात. नियम मोडणारी ओळ संगणक आंत घेतच नाहीं.

मग तपासणी कशाला, असें आपण विचाराल. कारण हा पहारेकरी कधीं कधीं आपणच उठवितों. जुन्या वहींतील लक्षावधि ओळी एका रात्रींत नव्या वहींत उतरावयाच्या असतात. प्रत्येक ओळ पारखीत बसलें तर पहांट होते. म्हणून नियम तेवढ्यापुरता बंद ठेवितात व सकाळीं पुन्हां सुरू करितात. गोम येथेंच आहे. मायएसक्यूएल या प्रचलित प्रणालींत फॉरेन कीचा पहारा पुन्हां बसविला, तरी दरम्यान आंत शिरलेल्या ओळी ती पाहत नाहीं. पोस्टग्रेसमध्यें तर जुन्या ओळी न तपासतां नवा नियम लावण्याची सोयच आहे; त्या तपासण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते.

तपासणी तशी सोपी. प्रत्येक ओळींतील खेपक्रमांक खेपांच्या कोष्टकांत शोधावा आणि न सांपडलेल्या ओळींची यादी मागावी. याच पोरक्या नोंदी. रिकामे रकाने मात्र निराळे मोजावे. रिकाम्या जागेस फॉरेन की सहसा हरकत घेत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां कल्पना करा, ब्रेकच्या एका खेपेंत दोष निघाला. सदोष वाहनें परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें केंद्र सरकारास दिला आहे. परंतु बोलवावयाचें कोणाला? पोरक्या नोंदींतील गाड्यांस ती खेप बसली कीं दुसरी, हें वही सांगत नाहीं.

अशा वेळीं एक मोह होतो. पोरक्या ओळी पुसून टाकल्या कीं तपासणीचें उत्तर शून्य येतें आणि नियम बिनतक्रार लागू होतो. हा उपाय मला गुन्ह्यासारखा वाटतो. ओळ गेली तरी भाग गाडींत असतोच, आणि गाडी कोठें तरी घाट उतरत असते. त्यापेक्षां फाटकावरील आवक-नोंद व पुरवठादाराचें चलन काढावें, खेप ओळखावी, तिची ओळ कोष्टकांत भरावी आणि तपासणी पुन्हां चालवावी. चलनावरूनहि खेप ओळखतां आली नाहीं, तर त्या गाडीच्या धन्यास पत्र घालून ती बोलवावी व ब्रेक उघडून पाहावा.