घराचे पैसे पाठवताना

आपली बरीच मुलं आता स्वतःचं घर घेताहेत, म्हणून बँकेतली एक गोष्ट सांगतो. आरटीजीएसने, म्हणजे 2 लाख आणि त्यापुढची रक्कम, जाते ती खाते क्रमांकावर, नावावर नव्हे. आकडा चुकला की आयुष्याची पुंजी भलत्याच्याच खात्यात! हल्ली आधी नाव पडताळायची सोय झाली आहे, ती वापराच. आणि ऐन वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘खातं बदललंय’ असा निरोप आला, तर थांबा. विक्रेत्याला तुमच्याकडच्या जुन्याच नंबरवर फोन लावा, त्याच्या हातून रद्द केलेला चेक घ्या. मग एनईएफटीने 100 रुपये पाठवून ‘आले’ असं त्याच्या तोंडून ऐका. एजंट घाई करतो, करू दे! मोठी रक्कम त्यानंतरच. यूटीआर नंबर मात्र पावतीवर लिहून घ्या.