बालदमा परिषद, सोलापूर : स्वागताध्यक्षांचे भाषण



सिद्धरामेश्वरांच्या नगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. नंदीध्वजांची मिरवणूक नुकतीच झाली, गड्ड्याची यात्रा अजून भरलेली आहे. सायंकाळी सवड काढून होम मैदानावर अवश्य जाऊन या.

मी चादरीचा कारखानदार. आपल्या शास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नाही, पण गावाची ओळख करून देणे हे माझे कर्तव्य आहे. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिला आम्ही आजही ‘जुनी मिल’ म्हणतो. १९३० साली या गावाने ब्रिटिशांचा लष्करी कायदा सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे आमचे चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांना वंदन केल्याशिवाय कृपया परतू नका.

आणि डॉक्टरांच्या परिषदेत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव मी घेणारच. १९१० साली ते सोलापुरात जन्मले. १९३८ साली युद्धग्रस्त चीनला निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. बाकीचे परतले, कोटणीस मागे राहिले. तिथली भाषा शिकले, तिथेच संसार मांडला, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे नाव सर्वांना माहीत झाले. पण भैय्या चौकातले त्यांचे घर पाहायला फार थोडे लोक जातात. आपण जावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आमचा माणूस परमुलखात गेला, तसे परमुलखातले लोक इथे आले. माझे आजोबा निजामाच्या मुलखातून, करीमनगरकडून, हातमाग घेऊन आले. अशा हजारो पद्मशाली विणकर कुटुंबांनी गावाचा पूर्वभाग वसवला आणि सोलापुरी चादर देशभर पोचवली. त्या पूर्वभागात आजही कितीतरी घरांत एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि विड्या वळणे चालते. आई मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरते, शेजारी लेकरू झोपलेले असते. लगतच्या मागावरच्या सुताचे तंतू घरभर उडतात. अंथरुणातले धूळकिडे, झुरळे, भिंतीची ओल आणि बुरशी, चुलीचा व सिगारेटचा धूर यांनी बालदमा बळावतो, असे आपण डॉक्टर सांगता. ज्यांच्या कष्टावर हे गाव उभे राहिले, त्यांच्याच मुलांच्या छातीत रात्री घरघर वाजावी, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून ही परिषद इथे व्हावी, असा आमचा आग्रह होता.

व्यवस्थेत उणिवा आहेत. यात्रेमुळे खोल्या कमी पडल्या. काहींना कार्यकर्त्यांच्या घरी उतरवावे लागले. पाणी रोज येत नाही, टँकर मागवले आहेत, तरी जपून वापरावे. जेवणात शेंगाचटणी, कडक भाकरी आणि उद्या शेतावर हुरडा आहे. शेंगदाणा ज्यांना सोसत नाही त्यांनी स्वयंसेवकांना आधी सांगावे, त्यांचे ताट वेगळ्या भांड्यांतून येईल. जे कमी पडेल त्याबद्दल क्षमा असावी.

सूतव्यापारी, यंत्रमागधारक, औषधविक्रेते आणि हुरड्यासाठी शेत मोकळे करून देणारे शेतकरी यांनी सढळ हाताने मदत केली. विडी कामगार भगिनींनी आपल्या मजुरीतून वर्गणी दिली. ती मला सर्वांत मोठी वाटते. महाविद्यालयाचे विद्यार्थी, आचारी, मंडपवाले, रिक्षाचालक, सर्वांचे आभार.

शेवटी एकच मागणे. दम्याच्या औषधाच्या पंपाची सवय लागते, या गैरसमजामुळे आमच्या आया तो मुलांना देत नाहीत. पंप का घ्यायचा, पांघरुणे गरम पाण्यात का धुवायची, तंबाखूचे सूप लेकरापासून दूर का ठेवायचे, हे एका पानात लिहून द्या. ते पान तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठीत छापण्याचा व पूर्वभागात घरोघर पोचवण्याचा खर्च आम्ही कारखानदार उचलू. परिषद संपण्यापूर्वी ते आमच्या हाती द्यावे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!