अंधारात पहिली टंचाई पाण्याची

29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री ‘सँडी’ या चक्रीवादळाने न्यूयॉर्क शहराला गाठले, तेव्हा साडेबारा फूट भरती गृहीत धरून उभारलेल्या, मॅनहॅटनच्या पूर्व काठावरील एका वीज-उपकेंद्रात जवळजवळ 14 फूट चढलेल्या भरतीचे खारे पाणी शिरले, आकाश उजळून टाकणारा एक लोळ उठला, आणि त्या बेटाचा बहुतेक सारा दक्षिण भाग काळोखात बुडाला. वीज पूर्ववत होण्यास सुमारे चार दिवस लागले. या चार दिवसांत उंच इमारतींतील रहिवाशांना अंधाराहूनही अधिक गांजले ते पाण्याने. कारण त्या शहरात नळाचे पाणी स्वतःच्या दाबाने साधारण सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचते, आणि त्यापुढे ते चढविणारे पंप विजेवाचून निकामी असल्यामुळे, वृद्ध माणसांवरसुद्धा काळोख्या जिन्याने पाणी वाहून नेण्याचा प्रसंग आला.

आपल्या मुंबई-ठाण्यात ही पराधीनता त्याहून अधिक आहे. नगरपालिकेचे पाणी बहुतेक इमारतींत आधी जमिनीखालच्या टाकीत पडते व तेथून पंपाने गच्चीवर जाते. तेव्हा आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंबही विजेच्याच भरवशावर पाणी पिते. म्हणून वादळाची इत्तला मिळताच गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घेण्याची तजवीज करावी, घरातील पिंपे, हंडे, कळश्या भरून ठेवाव्यात, आणि वीज जाताच त्या टाकीतले पाणी केवळ पिणे, स्वयंपाक व शौच यांसाठी राखावे. धुणे चार दिवस राहिले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट अधीरतेची. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि रायगड जिल्ह्यात विजेचे खांब उन्मळून पडले. त्यानंतर काही दिवसांनी खाडीलगतच्या एका इमारतीतील मीटरची खोली पाहण्याचा योग मला आला. रहिवाशांनी ती पुसून लख्ख केली होती आणि मेन स्विच चालू करण्याची मुभा ते माझ्याजवळ मागत होते. मी एका पेटीचे झाकण उघडले, तर आतल्या पितळी जोडांवर पिठाच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला. तो मिठाचा होता. पाणी वाळून जाते, परंतु मीठ मागे राहते, हवेतील दमटपणा ओढून घेते आणि विजेला नको ती वाट करून देते. अशा पेटीत प्रवाह सोडला असता तर आग लागण्यास विलंब लागला नसता. म्हणून ज्या मीटरला वा स्विचला पाणी लागले आहे, तो परवानाधारक वायरमनने उघडून तपासल्याची खातरजमा झाल्याखेरीज कोणीही चालू करू नये, मग शेजारच्या इमारतीत दिवे लागलेले दिसोत.

जनित्राविषयी मला कळकळीने सांगावयाचे आहे. जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि माणूस ते उपासाचे वा जागरणाचे लक्षण समजून आडवा होतो तो पुन्हा उठत नाही. जनित्र गॅलरीत, जिन्याखाली किंवा बंद वाहनतळात कदापि चालवू नये. ते उघड्यावर, खिडक्यांपासून निदान 20 फूट दूर असावे. तसेच त्याची तार घरातील सॉकेटमध्ये खुपसून सारे घर उजळण्याचा मोह टाळावा, कारण तो प्रवाह उलट दिशेने रोहित्रात शिरून तेथे 11,000 व्होल्टपर्यंत चढू शकतो, आणि आपल्याचसाठी खांबावर चढलेल्या, वाहिनी मृत समजून तिला हात घालणाऱ्या कामगाराचा जीव घेतो. असे मृत्यू अपघात या सदरात नोंदले जातात. मी त्यांना अपघात म्हणणार नाही.

फ्रीज शक्यतो उघडू नये. बंद ठेवल्यास त्यातील अन्न सुमारे चार तास टिकते. पुढे दूध, मांस, शिजवलेले पदार्थ यांचा मोह सोडावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात औषध ठेवावे, आणि आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

न्यूयॉर्कमध्ये त्याच रात्री एका मोठ्या रुग्णालयाची जनित्रे बंद पडली, तेव्हा परिचारिकांनी 20 नवजात बालके हातांत घेऊन अंधाऱ्या जिन्याने उतरविली. तेथे निदान प्रशिक्षित हात होते. आपल्या इमारतीत कोणाच्या घरी प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते, कोणाला जिना उतरवत नाही, हे आपणापैकी कितीजणांना ठाऊक आहे? वादळाचा हंगाम येण्याची वाट न पाहता, उद्याच सोसायटीच्या चिटणीसांना भेटून अशा घरांची एक यादी करावी, आणि परतताना मेन स्विच कोठे आहे तेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.